त्यांच्याविना पहिला नाताळ: मनाला शांती मिळते म्हणजे नेमकं काय होतं?

अबोली_ | ३ डिसेंबर

माझे मिस्टर ऑगस्टमध्ये गेले. हृदयविकाराचा झटका आला आणि दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं. त्यांच्याविना हा पहिलाच नाताळ. मुलगा चौथीत आहे.

ते आमच्या मंडळीच्या गायकवृंदात खर्जात गायचे. परवा कॅरलचा सराव सुरू झाला. मीही गाते, म्हणून बोलावणं आलं आणि गेले. पहिलं कडवं नीट पार पडलं. दुसऱ्या कडव्यात बायका थांबतात आणि चार ओळी फक्त पुरुष गातात. तिथे खालचा सूर आलाच नाही. बाकीचे दोघं गात होते, पण ज्या आवाजाच्या आधाराने ते गायचे तो नव्हता. मी वही मिटली आणि घरी आले. त्यांची वही माझ्याकडेच आहे. श्वास कुठे घ्यायचा तिथे पेन्सिलीने बारीक टिंबं केलेली आहेत.

भेटायला येणारे म्हणतात, 'प्रभूची इच्छा', 'चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात'. त्यांचा हेतू चांगला असतो हे कळतं, पण ऐकून मन घट्ट मिटतं. मी विश्वास सोडलेला नाही. फक्त सगळीकडे 'आनंद करा, आनंद करा' चाललेलं असताना मला त्या आनंदात जागा सापडत नाही.

ज्यांनी असा नाताळ काढला आहे त्यांनी कृपया सांगा. ख्रिस्ताची शांती म्हणतात ती अशा वेळी मिळते का? मिळाली की रडू थांबतं का? नाताळच्या रात्रीच्या उपासनेला जाऊ की घरीच थांबू?

कातरवेळ | ३ डिसेंबर

अबोली, तुझ्याहून वयाने बरीच मोठी असेन, म्हणून एकेरी लिहिते.

माझं बाळ गेलं त्याला आता खूप वर्षं झाली. त्या वर्षी देवळात गव्हाणीचा देखावा मांडला होता आणि त्यातल्या बाळाकडे मला बघवेना. माझं घरी नाही आणि हे इथे आहे, एवढंच डोक्यात होतं. घरी येऊन मत्तयाच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय काढला. पूर्वेकडचे ज्ञानी मागी लोक, सोनं, ऊद, गंधरस इथपर्यंत दरवर्षी वाचलेला होता. त्या दिवशी पुढे वाचला.

पुढे हेरोद राजा येतो. बेथलेहेमातली दोन वर्षांची आणि त्याहून लहान मुलं मारली जातात आणि मत्तय तिथे यिर्मया संदेष्ट्याचे शब्द आठवतो: इस्राएलाची आदिमाता राहेल आपल्या मुलांसाठी रडते आहे आणि तिचं सांत्वन होत नाही, कारण मुलं नाहीत. देखाव्यात आपण मेंढपाळ ठेवतो, उंट ठेवतो. हेरोदाचे शिपाई आणि त्या आया कोणी ठेवत नाही. मत्तयाने ठेवल्या. आणि बघ, तो राहेलला गप्प करत नाही. 'देवाची योजना होती' असं तिला समजावत नाही. ती रडते आणि तिथेच ते वाक्य संपतं.

पाश्चात्त्य मंडळ्यांच्या पंचांगात त्या मुलांचा स्मरणदिन २८ डिसेंबरला असतो, नाताळनंतर अवघ्या तीन दिवसांनी. हे मला कळलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की या सणात माझ्यासारखीला आधीपासून जागा होती, कोणी दाखवली नव्हती एवढंच.

तू विचारलंस रडू थांबतं का. माझं थांबलं नाही. पण रडताना जी भीती वाटायची, आता मी यातून बाहेर येणारच नाही अशी, ती हळूहळू गेली. मला तरी शांती या रूपात आली.

सायली_फूल | ३ डिसेंबर

अबोलीताई, वाचतेय. काही सुचत नाहीये लिहायला. आज रात्रीच्या प्रार्थनेत तुझं आणि मुलाचं नाव घेते.

मोहरीचा_दाणा | ४ डिसेंबर

ताई, मी पाळक आहे. सांत्वनाला जाताना काय बोलायचं याचं शिक्षण आम्हाला मिळतं, पण शोकाच्या घरी गप्प बसायला शिकायला त्याहून जास्त वर्षं लागतात. शास्त्रात मुलंबाळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर एक शब्द न बोलता बसले होते. पुढे तोंड उघडलं तेव्हा चुकले.

शांतीबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते. 'मी आपली शांती तुम्हांला देतो. जसे जग देते तसे मी तुम्हांला देत नाही' हे योहान १४ मधलं वचन आपण भेटकार्डांवर छापतो. ते बोललं गेलं कधी? शेवटच्या भोजनाच्या रात्री. काही तासांत अटक होणार होती आणि दुसऱ्या दिवशी क्रूस. ऐकणारे लवकरच आपल्या सर्वांत जवळच्या माणसाला मुकणार होते. म्हणजे ही शांती सुखात बसलेल्यांना सांगितलेली नाही. ज्यांच्यावर वियोग येणार होता त्यांनाच ती आधी देऊन ठेवली.

आणि देणाऱ्याची अवस्था काय होती? दोनच अध्याय आधी तो स्वतः म्हणतो की माझा जीव व्याकूळ झाला आहे. त्याच्या आधीच्या अध्यायात आपल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेपाशी तो रडला आहे, आणि तेही आता आपण लाजराला उठवणार हे माहीत असताना. पुनरुत्थानाची खात्री असलेला माणूस रडतो, यावर मी पुष्कळदा थांबतो. व्याकूळ जीव आणि शांती एकाच माणसात, एकाच आठवड्यात होती. त्यामुळे तुम्हाला रडू येतं याचा अर्थ विश्वास कमी पडला असा कोणी लावू नये, आणि तुम्ही तर मुळीच नाही.

उपासनेचं म्हणाल तर यावंसं वाटलं तरच या. दाराजवळच्या बाकावर बसा, मधूनच उठून जावं लागलं तर कोणाची परवानगी लागत नाही. तुमच्या पाळकांना किंवा एखाद्या मैत्रिणीला तेवढं आधी सांगून ठेवा, म्हणजे कोणी मागे धावत येऊन 'काय झालं' विचारणार नाही.

खडकावरचं_घर | ४ डिसेंबर

ताई, तुमच्या दुःखात सहभागी आहे. पण इथे थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. प्रेषित पौल थेस्सलनीकाकरांना पत्रात स्पष्ट लिहितो की आशा नसलेल्या लोकांसारखा खेद करू नका. आपला माणूस प्रभूमध्ये विसावला आहे, आपली त्याची भेट होणार आहे. मग नाताळच्या दिवशी आपण आनंदाने उभं राहणं हीच जगापुढे साक्ष नाही का? माझी आई गेली तेव्हा आम्ही भावंडांनी अंत्यविधीला डोळ्यांत पाणी आणलं नाही, स्तुतिगीतं गायली. त्यातून आम्हाला बळ मिळालं.

कातरवेळ | ४ डिसेंबर

दादा, तुमच्या आईच्या वेळी तुम्हाला तसं बळ मिळालं ही देवाची कृपाच. पण ते वचन पुन्हा वाचा. पौल खेद करू नका म्हणत नाही, आशा नसलेल्यांसारखा करू नका म्हणतो. आणि प्रेषितांच्या कृत्यांत आठव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच आहे: स्तेफनाला भक्तिमान लोकांनी पुरलं आणि त्याच्यासाठी मोठा शोक केला. मरताना स्तेफनाने आकाश उघडलेलं पाहिलं होतं. तो कुठे गेला याबद्दल त्या लोकांना तिळमात्र शंका नव्हती. तरी ते मोठ्याने रडले आणि लूकाने ते लिहून ठेवलं.

स्तेफनाचा दिवस २६ डिसेंबर. नाताळच्या दुसऱ्याच दिवशी मंडळी पहिल्या हुतात्म्याची आठवण करते. ज्यांनी हे पंचांग लावलं त्यांना जन्म आणि मरण शेजारी ठेवायला अवघड वाटलं नाही.

खडकावरचं_घर | ५ डिसेंबर

कृत्ये ८:२ काढून वाचलं. हा संदर्भ विचार करण्यासारखा आहे. आनंद हीसुद्धा साक्ष असते हे माझं म्हणणं मी सोडत नाही, पण अबोलीताईंनी तो ओढून आणावा असं मी म्हणणार नाही.

झुळूक | ६ डिसेंबर

मी शोकात असलेल्या लोकांबरोबर समुपदेशनाचं काम करते आणि ख्रिस्ती आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहिते.

दुःखाच्या ठरलेल्या पायऱ्या असतात आणि त्या ओळीने चढायच्या असतात, हा समज अजून फार पसरलेला आहे. एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या पाच अवस्था मांडल्या त्या मुळात स्वतः मरणाला सामोरं जाणाऱ्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांचं मन असं पायरीपायरीने चालत नाही. १९९९ मध्ये मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी जे मांडलं ते मला रोज डोळ्यांपुढे दिसतं: माणूस कधी गेलेल्याच्या आठवणीत बुडतो, कधी रोजच्या कामात गुंततो, आणि असं मागेपुढे होत राहणं हेच निरोगी शोकाचं लक्षण आहे. म्हणून नाताळात तुम्ही मुलाबरोबर हसलात तर तो विश्वासघात नाही आणि पाच मिनिटांनी स्वयंपाकघरात जाऊन रडलात तर ती घसरणही नाही.

मात्र झोप आणि जेवण याकडे लक्ष द्या. महिनोन् महिने रोजचे व्यवहारच अशक्य झाले, जगण्यात अर्थ नाही असं सतत वाटू लागलं, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जायला अजिबात कचरू नका. प्रदीर्घ शोक हा आजार म्हणून आता जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात आहे आणि त्यावर उपचार आहेत. मरणाचे विचार येऊ लागले तर थांबूच नका, त्याच दिवशी जवळच्या कोणाला तरी सांगा आणि डॉक्टर गाठा.

हे लिहिताना मला नेहमी एलीया संदेष्टा आठवतो. १ राजे १९. तो रानात झुडपाखाली बसून 'आता पुरे झाले' म्हणून मरण मागतो. देवदूत येऊन त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, परत उठवून परत खायला देतो. देवाचं बोलणं त्याच्या पुष्कळ नंतर, डोंगरावर येतं. शांतीची सुरुवात कधी कधी जेवणाच्या ताटापासून होते. औषध किंवा समुपदेशन घेणं म्हणजे देवावर भरवसा नसणं, असं कोणी म्हणालं तर त्यांना हा अध्याय वाचायला सांगा.

अबोली_ | ८ डिसेंबर

सगळ्यांचे आभार. एकेकाचं परत परत वाचते आहे. राहेलच्या ओळीपाशी तर खूप वेळ थांबले.

अजून दोन गोष्टी विचारते. एक म्हणजे प्रार्थनाच होत नाही. गुडघे टेकते, 'हे प्रभू' म्हणते आणि पुढे राग येतो. तू तिथे होतास ना, मग? यापुढे जाताच येत नाही. दुसरं, मुलगा रात्री विचारतो, 'बाबा झोपले आहेत ना, मग उठणार कधी?' घरातल्या मोठ्यांनीच त्याला 'बाबा येशूजवळ झोपलेत' असं सांगितलं होतं. आता तो स्वतः झोपायला घाबरतो.

झुळूक | ८ डिसेंबर

आधी मुलाचं. लहान मुलं शब्द जसेच्या तसे घेतात. 'झोपले', 'देवाने नेलं' यातून झोपेची आणि देवाचीही भीती बसते. त्याला जवळ घेऊन सरळ सांगा: बाबा वारले. त्यांचं हृदय बंद पडलं, म्हणून शरीर थांबलं. झोप वेगळी, झोपेतून आपण रोज उठतो. मग आपली आशा सांगा, की देव बाबांना विसरलेला नाही आणि एक दिवस आपण भेटू असं आपण मानतो. तो तेच परत परत विचारेल, तुम्ही तेच परत परत सांगा. तुम्ही त्याच्यासमोर रडलात तरी चालेल, फक्त 'तुझ्यामुळे नाही, बाबांची आठवण आली म्हणून' हे बोलून दाखवा. नाताळच्या तयारीत बाबांसाठी काय करूया हे त्यालाच विचारा. मुलांना करायला काही मिळालं की त्यांचा जीव जरा थाऱ्यावर येतो.

मोहरीचा_दाणा | ९ डिसेंबर

'तू तिथे होतास ना, मग?' ताई, हीच तर प्रार्थना आहे. योहान ११ उघडा. लाजराची बहीण मार्था येशूला म्हणते, प्रभू, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने दुसरी बहीण मरीया येते आणि अगदी तेच वाक्य म्हणते. दोघींपैकी एकीलाही तो रागावत नाही. मार्थेशी तो पुनरुत्थानाविषयी बोलतो. मरीयेला काहीच समजावत नाही, तिच्याबरोबर रडतो. तक्रार एकच होती, दोघींना मिळालं वेगवेगळं, ज्या त्या मनाला पेलेल असं. तुम्हाला आज मरीयेसारखं हवं असेल.

स्तोत्र ८८ वाचून पाहा, मोठ्याने, बंद खोलीत. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. देवाला उद्देशून बोललेला राग देवापासून दूर नेत नाही, कारण तोंड अजून त्याच्याकडेच असतं.

आणि तेही जमलं नाही तर गप्प बसा. रोमकरांस पत्रात पौल म्हणतो की कशासाठी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतःच, शब्दांत न सांगता येणाऱ्या कण्हण्याने, आपल्यासाठी मध्यस्थी करतो. तुमच्या वाटची प्रार्थना सध्या आम्ही करतो. मार्क २ मधला पक्षाघाती स्वतः चालत आला नव्हता. चौघांनी उचलून आणला, छप्पर उघडून खाली सोडला, आणि येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला.

वाटसरू | १० डिसेंबर

मी ख्रिस्ती नाही, पण गेल्या वर्षी भाऊ गेल्यापासून असे धागे वाचत असतो. अबोलीताई, तुमच्या प्रश्नाला फाटा फोडायचा नाही, पण एक विचारू का? दुःख का येतं याचं उत्तर तुमच्या श्रद्धेत मिळतं, म्हणून शांती मिळते का? की आणखी काही आहे?

कातरवेळ | १० डिसेंबर

वाटसरू, भावाबद्दल वाचून वाईट वाटलं. फाटा नाही हा, हाच प्रश्न आहे.

माझ्यापुरतं सांगते. 'का' याचं उत्तर मला आजतागायत मिळालेलं नाही. मिळालं असतं तरी बाळ परत आलं नसतं. नाताळात आम्ही मानतो ते असं की देवाने वरून खुलासा पाठवला नाही, तो स्वतः देह घेऊन आला. ज्या देहाला भूक लागते, जखम होते, जो मरतो, तसा देह. बाळ चाळीस दिवसांचं झालं तेव्हा मंदिरात म्हातारा शिमोन त्याला हातात घेऊन देवाची स्तुती करतो आणि त्याच दमात त्याच्या आईला, मरीयेला सांगतो की तुझ्याही जिवातून तलवार आरपार जाईल. मागी लोकांनी आणला तसाच गंधरस पुढे त्याच्या प्रेताला लावायला आणला जातो, योहान १९ मध्ये. म्हणजे तो येतानाच या सगळ्यासाठी आला. माझ्या दुःखात तो नवखा नाही. रात्री तीन वाजता मला कारणांची यादी नको असते, कोणीतरी जागं असायला हवं असतं. मला शांती मिळते ती यातून.

वाटसरू | १० डिसेंबर

समजलं. धन्यवाद, काकू.

जुनी_वही | १२ डिसेंबर

अबोलीताई, गायकवृंदातल्या रिकाम्या जागेबद्दल तुम्ही लिहिलंत, ते वाचून डीट्रिख बोन्होफर आठवले. जर्मन पाळक, हिटलरच्या राजवटीचे विरोधक. एप्रिल १९४३ मध्ये त्यांना अटक झाली. त्या वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून त्यांनी जवळच्या मित्राला आणि त्याच्या पत्नीला पत्र लिहिलं. आशय असा: प्रिय माणसाच्या नसण्याची जागा दुसरं काहीही भरून काढू शकत नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. देव ती पोकळी भरतो असं म्हणणं बरोबर नाही. तो ती भरत नाही, रिकामी ठेवतो, आणि त्यामुळेच, वेदना सोसून का होईना, आपलं त्या माणसाशी असलेलं नातं टिकतं. ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फाशी दिलं गेलं. उबदार खोलीत बसून लिहिलेलं हे सांत्वन नाही, म्हणून माझा त्यावर विश्वास बसतो.

आणखी एक. काही मंडळ्यांत २१ डिसेंबरच्या सुमारास, उत्तर गोलार्धातल्या सर्वांत मोठ्या रात्री, शोकात असलेल्यांसाठी साधी उपासना ठेवतात. मोठी गाणी नाहीत, प्रवचन अगदी थोडं. स्तोत्रं वाचतात, गेलेल्यांची नावं घेतात, मेणबत्त्या लावतात, बराच वेळ शांत बसतात. पाळकांना विचारून पाहा, तुमच्याकडे अशी उपासना नसेल तर सुरू करायला पाच-सहा माणसं पुरतात.

अबोली_ | २७ डिसेंबर

ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांच्यासाठी.

पाळकांशी बोलले. २१ तारखेला आमच्याकडे पहिल्यांदाच तशी उपासना झाली. मला वाटलं होतं चार जण येतील, पण बाक भरले. गेली कित्येक वर्षं नाताळात पुढच्या रांगेत हसतमुख बसणाऱ्या एक आजी त्या रात्री मुलाचं नाव घेऊन रडल्या. त्यांना असा मुलगा होता हेच आम्हा कोणाला माहीत नव्हतं.

गायकवृंदाच्या प्रमुखांनी मला विचारलं होतं, त्या चार ओळींसाठी दुसऱ्या कोणाला उभं करू का. मी नको म्हटलं. नाताळच्या रात्री दोघांनीच गायलं, कमी आवाजात. मी दाराजवळ बसले होते. रडले, आणि पुढचं कडवं सगळ्यांबरोबर म्हटलंही. मुलाने बाबांची वही मांडीवर धरली होती. टिंब आलं की तो मोठ्याने श्वास घ्यायचा.

राग गेलेला नाही. पण आता तो मनात कोंडत नाही, देवापुढे बोलून टाकते, आणि बोलून झाल्यावर उठून जात नाही, बसून राहते. बसल्यावर जे वाटतं त्याला शांती म्हणायचं की नाही ते ठरवायची घाई मी करत नाही. झोप लागते.

खडकावरचं घर दादा, तुम्ही मला वेगळा निरोप पाठवून माझ्या मुलासाठी प्रार्थना करता असं कळवलंत, ते फार मोलाचं वाटलं.

दवबिंदू | २७ डिसेंबर

नवीन सभासद आहे. माझे वडील २३ तारखेला गेले. घरात झाड सजवलेलं आहे तसंच आहे, उतरवायलाही कोणाचा हात होत नाही. आई सांगते नाताळ संपला, आता काय. मला उपासनेलाही जाता आलं नाही. हा धागा शोधता शोधता सापडला.

अबोली_ | २७ डिसेंबर

दवबिंदू, आत्ताच वाचलं. आधी सांग, तू आणि आई आज जेवलात का? घरात स्वयंपाकाचं बघणारं कोणी आहे का?

झाड राहू दे, घाई नको. आणि नाताळ संपलेला नाही, मंडळीच्या पंचांगात तो थेट ६ जानेवारीपर्यंत चालतो. उद्या २८ आहे. कातरवेळ काकूंनी वर ज्या दिवसाबद्दल लिहिलंय तोच. मी सकाळी मत्तय २ वाचणार आहे. तुझ्या वडिलांचं नाव मला निरोपात कळव, मी मोठ्याने घेईन.

दवबिंदू | २७ डिसेंबर

आई सकाळपासून नुसत्या चहावर आहे. आता उठून भात टाकते. नाव पाठवलंय, ताई.